डीपी दुरुस्तीला नेतो म्हणाले आणि घेऊनच गेले: शेतकऱ्यांनो, परमिट विचारा

शेतातला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, दुरुस्तीला न्यायला कोणी आले, तर चेनकप्पी लावण्याआधी उपकेंद्रात फोन करा आणि विचारा की आज या लाईनवर परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, दिले आहे का. वायरमन असो की ठेकेदाराचा माणूस, अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) लाईनला हात लावण्यापूर्वी त्याला उपकेंद्रातून परमिट घ्यावेच लागते. ते तिथल्या ऑपरेटरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेले असते. परमिट नसेल तर त्या माणसाच्या अंगावर कसले जाकीट आहे आणि हातात कसला कागद आहे याला काही अर्थ नाही. डीपी उतरू देऊ नका.

आमच्या शिवारातला डीपी भरदुपारी गेला. आमच्यासमोर गेला, आमच्याच पोरांनी हात लावून गाडीत चढवला आणि वर तेलाचे म्हणून आमच्याकडून पैसेही घेतले गेले. असा प्रकार आणखी कुठे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला आमचे गाव. गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि थोडी शेतीही आहे. विहिरीवरची मोटार ज्या डीपीवर चालायची तो १०० केव्हीए क्षमतेचा. त्याच्यावर आमच्या भावकीतले आणि शेजारच्या वस्तीवरचे खातेदार, शिवाय वाडीच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची मोटारसुद्धा. जानेवारीचा महिना होता. कांदा पोसायला लागलेला, गहू ओंबीवर आलेला. डीपीतून तेल गळत होते, एक फेज सारखी जायची आणि मोटारी जळून माझ्याच दुकानात येत होत्या. आम्ही रीतसर तक्रार दिली होती.

मग एके दिवशी पिकअप आली. चार माणसे, डोक्यावर हेल्मेट, अंगावर नारिंगी जाकिटे. त्यातला पुढारपण करणारा खिशातून कागद काढून डीपीचा नंबर वाचून दाखवू लागला. खातेदारांपैकी दोघा-तिघांची नावेही त्याच्याकडे होती. “काका, तुमचीच तक्रार होती ना? हा डीपी फिल्टरला, तेल साफ करायला न्यायचाय. बदली डीपी तालुक्याला तयार आहे, फक्त तेल भरायचं राहिलंय. तेलाचा स्टॉक संपलाय, थोडी मदत करा, उद्या सकाळी बसवून देतो.” प्रत्येक खातेदाराने पाचशे रुपये काढले. एकाने ट्रॅक्टर दिला, कारण बांधाच्या चिखलातून पिकअप डीपीपर्यंत जात नव्हती. त्यांनी एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) खाली केला, डीओ (फ्यूज) काढले, जंपर (जोडतारा) सोडवले. सगळे अगदी सरावलेल्या हातांनी. चार-पाचशे किलोचा तो डीपी तासाभरात गाडीत होता.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाईन) वेगळा झाल्यापासून शेतीची लाईन पाळीने चालते. त्या आठवड्यात आम्हाला रात्रीची लाईट होती, म्हणजे दिवसभर लाईनमध्ये वीजच नव्हती. चोराला अकरा केव्हीची भीती असते. ती भीती ज्या वेळी नसते, ती वेळ त्यांना पक्की माहीत होती. तक्रारीची माहितीही त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. कुठून पोचली हे तपासात निघेल, त्याबद्दल मी अंदाजाने कोणाचे नाव घेणार नाही.

दुसरी गोष्ट आम्हा सगळ्यांच्या सवयीची. डीपी जळाला की गावाने वर्गणी काढायची, ट्रॅक्टर द्यायचा, चढवायला-उतरवायला पोरे द्यायची, हे आपल्याकडे इतके मुरलेले आहे की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. खरे तर नादुरुस्त डीपी बदलण्याचा खर्च वीज कंपनीचा आहे. शेतकऱ्याने त्यासाठी एक रुपयाही द्यायचा नसतो. ना तेलाचा, ना गाडीभाड्याचा. या लोकांनी आपली तीच सवय बरोबर हेरली आहे. वर्गणी मागणारा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो, आणि वर्गणी न मागणाराच उलट परका वाटतो. म्हणून पैसे मागितले की लगेच पावती मागा, सही-शिक्क्याची. खरा माणूस असेल तर तो पैसे मागणारच नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. फोन बंद. कार्यालयात विचारल्यावर कळले की त्यांनी कोणालाच पाठवलेले नव्हते. पुढे मेंढपाळांना ओढ्याच्या काठाला डीपीची रिकामी टाकी दिसली. वरचे झाकण उघडे, कोअरच्या पत्र्या पसरलेल्या, कॉइल कापून नेलेली. तेल ओढ्यात ओतून दिलेले होते, पाण्यावर लांबपर्यंत तवंग. त्या पाण्यावर कित्येक दिवस कोणी जनावर सोडले नाही.

लोकांना वाटते की डीपी गेला म्हणजे वीज कंपनीचे नुकसान. तसे नाही. चोराला भंगारात जेवढे मिळाले त्याच्या कितीतरी पट आमच्या शिवारातून गेले. एक-दोघांनी डिझेल इंजिन भाड्याने आणले, त्यांचा कांदा कसाबसा वाचला. बाकीच्यांचा कांदा लिंबाएवढा राहिला. गव्हाची ओंबी भरलीच नाही. पिण्याच्या विहिरीची मोटार बंद पडल्याने वाडीवरच्या बायका लांबच्या हातपंपावरून पाणी आणू लागल्या आणि दोन पोरींची शाळा त्यात बुडाली. त्या वस्तीवरच्या एका म्हातारीने मला विचारले, “बाबा, तांबं इकून त्याला किती आलं असंल रं?” मी दुकानात तांबे तोलणारा माणूस, पण तिला आकडा सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आणि हे एकट्या डीपीचे नाही. आमच्याच भागात विहिरीवरून केबल कापून नेतात. कोल्हापुरी बंधाऱ्याचे लोखंडी ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काठावर रचून ठेवले की तिथून गायब होतात. मग ऑक्टोबरमध्ये पाणी अडवायची वेळ आली की ढापेच नसतात आणि वाहते पाणी डोळ्यांदेखत निघून जाते. स्मशानभूमीतली बिडाची दाहिनीसुद्धा सोडलेली नाही. मयताला अग्नी द्यायला गेलेल्या लोकांनी जमिनीवर दगड मांडून सरण रचलेले मी पाहिले आहे. किलोवर विकले जाणारे लोखंड होते ते, पण गावाने पै-पै जमवून बसवलेले.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. डीपी गेल्यावर गावाचा पहिला संशय कोणावर गेला? ओढ्यापलीकडे पाल टाकून राहिलेल्या पारधी कुटुंबांवर, आणि सायकलवर भंगार गोळा करणाऱ्या एका पोरावर. त्या पोराला चौकात चौघांनी मारले. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला गेला, पण गावाच्या मनातून अजून गेलेला नाही. चार-पाचशे किलोचा डीपी उतरवायला चेनकप्पी लागते, गाडी लागते, लाईनची माहिती लागते. पालात यातले काय होते? आलेले लोक बूट-हेल्मेटमधले होते, त्यांना आम्ही “साहेब” म्हणून चहा पाजला होता, आणि मार खाल्ला बाटल्या-पत्रे वेचणाऱ्याने. पुढे तोच पोरगा पोलिसांना म्हणाला की अशी पिकअप त्याने आदल्या आठवड्यात रस्त्याकडेच्या एका मोठ्या गोदामापाशी पाहिली होती. तपासाला तेवढाच धागा मिळाला. ती कुटुंबे मात्र तोपर्यंत पाल उठवून निघून गेली होती.

आता भंगार घेणाऱ्यांबद्दल, कारण इथे मला माझ्या धंद्यातले माहीत आहे. मोटारीची जळालेली कॉइल मी वर्षानुवर्षे भंगारात देतो. बाजारात तिला आर्मेचर म्हणतात. तिच्यावर वार्निशचा थर असतो, तार बारीक असते, एनॅमलची असते. डीपीच्या कॉइलमधली पट्टी वेगळी. जाड, चपटी, कागद गुंडाळलेली आणि तेलाने भिजलेली. जुन्या डीपीत ती तांब्याची असते, नव्यांत बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची. अशी पट्टी शेतकऱ्याच्या घरात, दुकानात, कुठेही निघत नाही. ती डीपीतून निघते, आणि शेतातला डीपी वीज कंपनीचा असतो, तो कोणी खासगी माणूस भंगारात विकू शकत नाही. मग रात्री दहा वाजता पिकअपमधून ती पट्टी आली आणि गोदामवाल्याने रोख पैसे मोजले, तर “मला काय माहीत” हे मी मान्य करणार नाही. त्याला माहीत असते. केबल जाळून आणलेले काळे तांबे पाहिल्यावरही त्याला माहीत असते. भट्टीत वितळल्यावर मात्र कोणालाच काही ओळखता येत नाही, म्हणून त्याला घाई असते.

भाव चढला की चोरी वाढते, हे आम्ही दुकानात बसून बघतो. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांबे टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेले होते. त्या भावाची झळ थेट आमच्या विहिरीपर्यंत येते. पण भाव आपल्या हातात नाही. रोखीचा व्यवहार मात्र थांबवता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये रेल्वेच्या केबली आणि चर्चच्या छपरावरचे शिसे चोरीला जायला लागले, तेव्हा डिसेंबर २०१२ पासून भंगार घेताना रोख पैसे द्यायला बंदी घातली गेली. २०१३ च्या कायद्याने विकणाऱ्याचे नाव-पत्ता तपासून नोंद ठेवणेही सक्तीचे केले. आपल्याकडे निदान तालुक्याच्या पातळीवर पोलिसांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एवढे ठरवले, की आधारकार्डाची प्रत आणि बँकेतून पैसे याशिवाय तांबे घ्यायचे नाही, तर निम्मी साखळी तिथेच तुटेल असे माझे ठाम मत आहे. प्रामाणिक भंगारवाले आहेत, माझा जुना व्यापारी त्यातलाच एक. त्यांनाही हेच हवे आहे, कारण चोरीच्या मालामुळे त्यांच्या दारातही पोलीस येतात.

तक्रारीच्या वेळी आमचे बरेच दिवस वाया गेले, ते तुमचे जाऊ नयेत. डीपी कंपनीचा असल्याने चोरीची फिर्याद अभियंत्याने द्यायची असते. वीज कायदा २००३ च्या कलम १३६ खाली अशा चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तुमच्याकडून घेतलेले पैसे तुमचे होते. फसवणूक आणि तोतयेगिरीची वेगळी तक्रार खातेदारांनी द्यावी. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आणि ३१९ त्यासाठीच आहेत, आणि चोरीचा माल घेणाऱ्यासाठी ३१७. “ते तुमचं काम नाही, साहेबांना येऊ द्या” असे कोणी म्हटले तरी उठू नका. नोंदलेल्या तक्रारीची प्रत मोफत मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. तक्रारीला सगळ्यांचे ग्राहक क्रमांक जोडा, डीपीवरचा नंबर लिहा. आमच्या डीपीचा नंबर कोणाकडेच लिहिलेला नव्हता, तो जुन्या एका अर्जावर सापडला. आजच जाऊन तुमच्या डीपीच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिकाच्या नुकसानीसाठी तलाठ्याकडे लगेच अर्ज करा, पीक उभे असतानाच. काढणी झाल्यावर पंचनाम्यात काय लिहिणार?

गाडी समोर उभी असेल तर वाद घालत बसू नका. नंबरप्लेटचा आणि माणसांचा फोटो काढा, पोलिसांच्या ११२ ला फोन करा, आणि वीज कंपनीच्या १९१२ वर विचारून खात्री करून घ्या. एकट्याने अडवायला जाऊ नका. हातात लोखंडी पाने असतात त्यांच्या. आम्ही आता उपकेंद्राचा आणि वायरमनचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक मोटारीच्या पेटीवर रंगवून घेतला आहे.

बदली डीपी महिना संपत आला तेव्हा बसला. गुन्ह्याचा तपास अजून चालू आहे. आमच्याकडे आलेल्या कागदावर वर मोठ्या अक्षरात “फिल्टर युनिट” असे छापलेले होते आणि खाली निळ्या शाईचा गोल शिक्का होता, ज्यातली अक्षरे वाचता येत नव्हती. तुमच्या भागात असा कागद कोणी दाखवला असेल, तेलाचे पैसे मागितले असतील, तर डीपी गेला नसला तरी तुमच्या पोलीस ठाण्यात ते सांगा आणि कागदाचा फोटो द्या. वेगवेगळ्या ठाण्यांतल्या तक्रारी जुळल्या तरच ही माणसे आणि त्यांच्याकडून माल घेणारे गोदाम हाती लागेल.