नुसती सही, की नाव घालून दिलेली भेट?

संगीतकाराचं हस्ताक्षर असलेली जुनी छापील स्वरलिपी घ्यायची, तर दोन प्रकार समोर येतात. नुसती सही असलेली प्रत तुलनेने स्वस्त. पण दोन शब्दांची नक्कल करणंही सोपं. ‘अमक्याला सप्रेम’ असं लिहून दिलेल्या प्रतीत तपासायला अक्षर जास्त असतं, शिवाय नाव, गाव, तारीख चरित्राशी ताडता येते.

त्यातही नाव कुणाचं, यावर सगळं. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा जी मेजर पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पियानोवादक मार्गरित लाँग यांनी १४ जानेवारी १९३२ रोजी पॅरिसमध्ये प्रथम वाजवला. त्यांना दिलेली प्रत आणि कुणा चाहत्याला दिलेली प्रत, जमीनअस्मानाचा फरक! मात्र ही रचना लाँग यांनाच अर्पण आहे. छापील अर्पण प्रत्येक प्रतीत असतं, शाईतलं एकाच. काही विक्रेते इथेच गोलमाल करतात.

पानाच्या तळाचा प्लेट क्रमांक, म्हणजे ज्या कोरीव पत्र्यांवरून स्वरलिपी छापली त्यांना प्रकाशकाने दिलेला आकडा, दोन्ही प्रकारांत बघावा. त्यावरून प्लेट कधीची ते कळतं, छपाई कधीची ते नाही, कारण त्याच प्लेटा पुन्हा वापरत. छपाईच्या काळाबद्दल मागच्या पानावरची प्रकाशकाच्या इतर प्रकाशनांची यादी जास्त बोलकी. संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या छपाईवर त्याची सही दिसली, तर हसून पुढे जावं.

मी नाव घालून दिलेलीच प्रत घेईन. वादकाने पेन्सिलीने बोटांचे आकडे (कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा ते) लिहिलेले असतील, तर फाटकीसुद्धा.