हिरवी खूण नक्की कशाची? शाळेचा कोर्स प्लॅनर बावीस महिने वापरल्यावर

लेक नववीत असताना जानेवारीत शाळेनं ऑनलाइन कोर्स प्लॅनरचं, म्हणजे नववी ते बारावीचे विषय आखून ठेवायच्या साधनाचं, लॉगिन दिलं. आता ती अकरावीत आहे आणि नोव्हेंबर संपत आलाय. म्हणजे बावीस महिने आम्ही दोघी तो वापरतोय. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियाच्या पूर्व भागात राहतो. प्लॅनर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. मांडणी सगळीकडे साधारण सारखीच असते, आणि माझा मुद्दा त्यातल्या कुठल्याही प्लॅनरला लागू पडेल.

मी नाशिकला अकरावी सायन्सला गेले तेव्हा निवडायचं ते एवढंच होतं, की गणित ठेवायचं, बायॉलॉजी ठेवायचं की दोन्ही. बाकीचं ठरूनच यायचं. इथे चौदा वर्षांच्या मुलीनं दर फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचे सहा विषय स्वतः निवडायचे असतात, आणि त्या सहा चौकटींत बारावीनंतरच्या वाटा दडलेल्या असतात. हे मला पहिल्या वर्षी कुणी नीट समजावून सांगितलं नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. स्क्रीनवर नववी ते बारावी असे चार रकाने, बाजूला शाळेतल्या कोर्सची यादी. कोर्स उचलून रकान्यात टाकायचा. अल्जेब्रा २ न घेता प्रीकॅल्क्युलस टाकलं तर लगेच लाल चौकट येते. एकाच योजनेच्या तीन-चार प्रती करून ठेवता येतात, त्यामुळे ‘बायॉलॉजीचं एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घेतलं तर?’, ‘फिजिक्स अकरावीत की बारावीत?’ हे वाद जेवणाच्या टेबलावर न होता स्क्रीनवर झाले. पालकांना वेगळं लॉगिन मिळतं. फोनवर मात्र वापरू नका, चौथा रकाना दिसतच नाही.

आता खरी गोष्ट. वरच्या कोपऱ्यात प्रत्येक विषयगटापुढे एक खूण असते. पूर्ण होत असेल तर हिरवी. नववीच्या शेवटी लेकीच्या स्पॅनिश १ च्या दुसऱ्या सेमिस्टरला डी, म्हणजे जेमतेम पासाचा ग्रेड, आला. त्या उन्हाळ्यात ती इतकी खचली, की ऑगस्टमध्ये शाळा उघडताच म्हणाली, “आई, मला स्पॅनिश २ नको. सिरॅमिक्सचा पुढचा क्लास घेते, त्यात मी चांगली आहे.” मी प्लॅनर उघडला, स्पॅनिश २ काढून सिरॅमिक्स टाकलं. सगळं हिरवं. भाषेच्या आणि कलेच्या ओळीपुढेही हिरवं. मी तिला हो म्हणून मोकळी झाले होते.

दोन दिवसांनी रात्री सहज यूसीची, म्हणजे बर्कली, डेव्हिस, यूसीएलए ज्यात येतात त्या विद्यापीठांची, प्रवेशाची अट वाचत बसले आणि पोटात गोळा आला. राज्याच्या डिप्लोमाला, म्हणजे बारावी पास झाल्याच्या प्रमाणपत्राला, कला, परकी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी काहीही एक वर्ष चालतं. सिरॅमिक्सनं ती अट कधीच भागली होती, म्हणून हिरवी खूण. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याच्या सरकारी विद्यापीठांचा दुसरा गट) दोघांनाही कला एक वर्ष आणि एकच भाषा दोन वर्षं, दोन्ही हवं. शिवाय डिप्लोमाला डी चालतो, शाळा क्रेडिट देते. यूसीला प्रत्येक विषयात किमान सी लागतो. प्लॅनर शाळेचा हिशेब दाखवत होता आणि तो अगदी बरोबर होता. चूक माझी होती, मी त्याला कॉलेजचा हिशेब समजले.

यूसीच्या अटींना इथे सगळे ‘ए-जी’ म्हणतात. ही अक्षरं ग्रेडची नव्हेत, विषयगटांची. ए म्हणजे इतिहास-सामाजिक शास्त्रं २ वर्षं, बी इंग्रजी ४, सी गणित ३ (४ असेल तर उत्तम, आणि भूमिती हवीच), डी प्रयोगशाळेसह विज्ञान २ (३ बरं), ई भाषा २, एफ कला १, जी कॉलेज-तयारीचा ऐच्छिक विषय १. एकूण १५ वर्षभराचे कोर्स, आणि त्यांतले ११ बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत. डिप्लोमाला गणित दोनच वर्षं पुरतं, पण पीई (शारीरिक शिक्षण) दोन वर्षं लागतं, आणि ते ए-जीमध्ये कुठेच मोजलं जात नाही. काही स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळांची स्थानिक मंडळं) स्वतःच्या अटी आणखी वाढवतात. दोन वेगळे हिशेब आहेत, दोन्ही जमायला हवेत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषय-निवडीचा सल्ला देणाऱ्या बाईंना, भेटलो. त्या बाईंकडे शेकडो मुलं, तरी वीस मिनिटं शांतपणे दिली. त्यांनी जे सांगितलं त्यानं लेकीचा चेहरा बदलला. भाषा आणि गणितात वरच्या पातळीच्या कोर्समध्ये सी किंवा जास्त मिळाला, तर खालच्या कोर्सचा डी यूसी भरून निघालेला मानते. म्हणजे जो क्लास टाळायचा होता, तोच डी पुसणार होता. आणि यूसीचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच मोजतात, त्यामुळे नववीचा तो डी त्यात येतच नव्हता. तिनं स्पॅनिश २ घेतलं, रडतखडत सुरुवात केली, दोन्ही सेमिस्टरला बी आला. इतिहासात डी आला असता तर ही सवलत नव्हती, तो कोर्स परत करावा लागला असता. हा फरक प्लॅनरमध्ये कुठेच दिसत नाही, कारण त्यात ग्रेडवर आधारलेली तपासणीच नाही. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच.

उलट्या दिशेची गंमतही झाली. तिनं अल्जेब्रा १ आठवीत केलं होतं. शाळेला त्याचं हायस्कूल क्रेडिट नाही, म्हणून सुरुवातीला प्लॅनर गणितापुढे बराच काळ पिवळा, म्हणजे अट अपुरी दाखवत, होता. यूसी मात्र सातवी-आठवीचं गणित आणि भाषा विषयाची अट म्हणून धरते, फक्त जीपीएत घेत नाही. दहावीत इंग्लिश ऑनर्स (जादा गुण मिळणारा वरच्या पातळीचा कोर्स) घेतलं तेव्हा प्लॅनरनं जीपीए चढवून दाखवला. यूसीच्या यादीत आमच्या शाळेच्या त्या कोर्सपुढे ऑनर्सची खूण नव्हती, म्हणजे तिथे जादा गुण शून्य. तसंही यूसी जादा गुण आठच सेमिस्टरचे धरते, त्यांत दहावीचे फार तर चार. प्लॅनरमधला जीपीएचा आकडा आता आम्ही बघतच नाही.

त्या यादीबद्दल सांगायलाच हवं. यूसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची, वर्षवार, ए-जी कोर्स लिस्ट सगळ्यांसाठी खुली आहे, लॉगिन लागत नाही. शेजारच्या शाळेत मान्य असलेला त्याच नावाचा कोर्स तुमच्या शाळेत मान्य असेलच असं नाही. उन्हाळ्यात बाहेरून ऑनलाइन कोर्स घेणार असाल तर पैसे भरण्याआधी ती संस्था यादीत शोधा. लेकीच्या वर्गातल्या काही मुलांना अल्जेब्रा २ ऐवजी डेटा सायन्स घ्यायचं होतं. यूसीनं २०२३ साली स्पष्ट केलंय, की तशा कोर्सनं अल्जेब्रा २ भरून निघत नाही. प्लॅनरमध्ये दोन्ही ‘गणित’ म्हणून शेजारीशेजारी दिसतात.

एसएटी ही प्रवेशपरीक्षा यूसी आणि कॅल स्टेट प्रवेशासाठी आता बघतच नाहीत, म्हणून ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकाचं, वजन आणखी वाढलंय. त्यामुळे मी एक साधी एक्सेल शीट केली. कोर्स, वर्ष, दोन्ही सेमिस्टरचे ग्रेड, शाळेची अट, ए-जीचं अक्षर. पाचच रकाने. प्रत्येक सेमिस्टरनंतर अर्धा तास. प्लॅनर आणि शीट शेजारी ठेवून बघायचं.

मराठी शाळेचं दुःख वेगळंच. लेक आठ वर्षं दर रविवारी मराठी शाळेत गेली, लिहिते, वाचते, आजीशी तासभर बोलते. प्लॅनरमध्ये त्यासाठी ओळच नाही, आणि आमच्या शाळेत मराठी तपासू शकेल असं कुणी नव्हतं. काही ठिकाणी मराठीला क्रेडिट मिळाल्याचं ऐकलंय, तेव्हा आठवीतच लेखी विचारा. कॅलिफोर्नियात २०१२ पासून डिप्लोमावर द्विभाषिकतेचा शिक्का मिळू शकतो. त्यासाठी आमचे प्रयत्न अजून चालू आहेत, आणि ते मी सोडणार नाही.

डॅलसला माझे दीर राहतात, त्यांच्याकडे चित्र निराळं. टेक्सासात मूळ २२ क्रेडिट आणि एन्डॉर्समेंट (एखाद्या क्षेत्रावर भर देणारा विषयगट) घेतलं तर २६, आणि ते एन्डॉर्समेंट नववीत शिरतानाच लिहून द्यावं लागतं. वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांचा सरकारी विद्यापीठांतला थेट प्रवेश हवा असेल तर अल्जेब्रा २ चुकवून चालत नाही. राज्य बदललं की नियम मुळापासून वाचायचे, दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला तसाच उचलायचा नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. पूर्वअटी आणि वेळापत्रकासाठी प्लॅनर उत्तम, कॉलेजची तयारी तपासायला अपुरा. शाळेनं केलेले बदल त्यात यायला आमच्याकडे तीन-तीन आठवडे लागले, ते वेगळंच.

गेल्या रविवारी बारावीचा रकाना भरायला बसलो. तिला इंग्लिश १२ ऐवजी जर्नलिझम हवं होतं. प्लॅनरनं काहीच हरकत घेतली नाही, खूण हिरवीच. मी काही बोलायच्या आत तिनं दुसऱ्या टॅबमध्ये यूसीची यादी उघडली, आमची शाळा शोधली, बोट ठेवून खाली गेली. “आई, हा जीमध्ये आहे, बीमध्ये नाही. माझं इंग्लिश तीनच वर्षं होईल.” मग तिनं इंग्लिश १२ परत रकान्यात ओढलं आणि जर्नलिझम सहाव्या तासाला टाकलं.