जुन्या लढाऊ विमानांसाठी लेन्स : दहा-अठराची वाइड की पस्तीसची प्राइम?

क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आहे, बॅगेत त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स पडलेली आहे आणि सुट्टीत दिल्लीला पालमचं हवाई दलाचं म्युझियम किंवा गोव्यात बोगमाळोचं नौदलाचं विमानांचं म्युझियम बघायचा बेत आहे. त्यासाठी एकच लेन्स घ्यायची झाली तर कोणती? बडोद्यात फोटोवाल्या कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : विमान मोठं, हँगर चिंचोळा, वाइड घे. सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या मावसभावाने तोच ऐकून दहा-अठरा, म्हणजे दहा ते अठरा मिलिमीटरची वाइड झूम घेतली आणि तो खूश आहे. मी पस्तीस मिलिमीटरची एफ १.८ घेतली, प्राइम म्हणजे झूम न होणारी. दोन्ही म्युझियममध्ये आम्ही बरोबर हिंडलो, एकमेकांच्या लेन्स लावून पाहिल्या. तरी माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही, तेवढं धरून वाचा.

आधी वाइडचं माप तिच्या पदरात टाकतो. पालमच्या हँगरमध्ये विमानं दाटीवाटीने उभी आहेत. वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर अशी मंडळी. १ एप्रिल १९३३ला कराचीजवळ ड्रिग रोडला हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटींवर. दुपंखी विमान, दोन पंखांमध्ये खांब आणि ताणलेल्या तारा. ते सगळं एका चौकटीत घ्यायचं तर मागे सरकायला जागा हवी, आणि मागे सरकलात की पाठ दुसऱ्या विमानाच्या दोरीला टेकते. मावसभाऊ अशा वेळी जागेवरूनच बटण दाबून मोकळा होतो आणि मी खांबाच्या आडून कोन शोधत बसतो.

दुसरी गोष्ट फोकसची. पस्तीस घेणारे तिचं १.८चं अॅपर्चर मिरवतात (अॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, आकडा जितका लहान तितकं ते मोठं), पण अख्ख्या विमानाच्या फोटोत ते फारसं कामी येत नाही. नाकावर फोकस केला की १.८ला शेपटी धूसर. सगळं विमान धारदार हवं असेल तर ५.६ किंवा ८वर यावंच लागतं, म्हणजे अंधाऱ्या हँगरमधला फायदा तिथेच संपला. दहाला ५.६वर मीटरभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं, आणि एक पंधरांश सेकंदाला हात थोडा हलला तरी खपून जातो. विमान काही उडून जात नाही, त्यामुळे मंद शटरची भीती नाही. मी पस्तीसने खांबाला किंवा भिंतीला टेकून काढतो. दोघांसाठी एकच सूचना : ट्यूबलाइटखाली शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे इतर गतींना कधीकधी फोटोत पट्टे येतात.

इथवर वाइड पुढे आहे. मग मी पस्तीस का घेतली? एका विमानामुळे. नॅटमुळे.

नॅट हे विमानच चिमुकलं. लांबी जेमतेम नऊ मीटर, पंखांची रुंदी पावणेसात मीटर. १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांच्या वैमानिकांना ते हवेत चटकन दिसायचं नाही, आणि त्याच्या दबदब्यात या ठेंगणेपणाचा मोठा वाटा होता. १९७१ साली श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों याच विमानातून लढले. हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. प्रत्यक्ष नॅटसमोर उभं राहिलं की पहिला विचार हाच येतो की एवढ्याशा विमानात माणूस मावला कसा. माझ्या मते फोटोत दुसरं काही आलं नाही तरी चालेल, हे आलं पाहिजे.

आता दहाला नाकासमोर उभं राहून त्याचा फोटो काढा. नाक भोपळ्यासारखं फुगतं, हवा आत घेणारी तोंडं जबड्यासारखी पसरतात, पंख कडेकडेला ताणले जातात आणि शेपटी मागे कुठेतरी चिमणीएवढी उरते. घरी मावशीला आमचे दोघांचे फोटो शेजारीशेजारी दाखवले. तिने चष्मा वर करून विचारलं, "ही दोन वेगळी विमानं ना रे?" मावसभाऊ हसला. मला मात्र ते झोंबलं. फोटो दिसायला जोरदार होता, पण त्यात नॅट नव्हतं, एखादं आडदांड बॉम्बर होतं.

यात लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. नॅटच्या नाकापासून दोन मीटरवर उभे राहिलात तर शेपटी अकरा मीटरवर जाते, म्हणजे ती नाकाच्या मानाने साडेपाच पट लहान उमटणार. दहा मीटरवर उभे राहिलात तर शेपटी एकोणीस मीटरवर, फरक जेमतेम दुपटीचा. डोळ्याला पटतं ते हे दुसरं. लेन्स पस्तीस असो की दहा, एकाच जागेवरून हे गुणोत्तर तेच राहतं. मावसभावाचा युक्तिवादही हाच : मी पण लांब उभा राहून काढेन आणि नंतर क्रॉप करेन. तात्त्विकदृष्ट्या बिनतोड. पण वाइड लावली की पाय आपोआप पुढे जातात. लांबून चौकटीत विमान टिचभर दिसतं आणि भोवती पंखे, ट्यूबलाइट, माहितीच्या पाट्या, कुणाची तरी शाळेची सहल. हे सगळं टाळायला माणूस पुढे सरकतो, आणि पुढे सरकला की भोपळा. पस्तीस लावली की मागे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. तिची अडचण हीच माझ्या दृष्टीने तिची शिस्त आहे.

एडिटिंगमध्ये सरळ करू, असंही सांगतात. सॉफ्टवेअर काय सरळ करतं, तर लेन्सने वाकवलेल्या रेषा. हँगरचं छत, दाराची चौकट वगैरे. जवळ गेल्याने नाक फुगलं असेल तर ते कुठल्याही स्लायडरने बसत नाही.

अर्थात पस्तीसची किंमत मोजावी लागते. क्रॉप सेन्सरवर नॅट बाजूने पूर्ण घ्यायचं तर तेरा-चौदा मीटर मागे हवेत. मारुत हे लढाऊ विमान जवळपास सोळा मीटर लांब, त्याला चोवीस मीटर. बंद हँगरमध्ये एवढी मोकळी जागा क्वचितच सापडते. मी अशा वेळी कॅमेरा उभा धरून, एकावर एक येणारे चार-पाच फोटो काढतो आणि घरी जोडतो. विमान स्थिर असल्याने जोड बेमालूम बसतो. फक्त दोरीचे खांब अगदी पुढ्यात असतील तर ते दुभंगतात, आणि पंखाची सरळ कड किंचित कमान होऊन येते. शिवाय जोडलेला फोटो जवळून काढलेला असतो, तेव्हा नाक थोडं मोठं येणारच. कडांची ओढाताण तेवढी कमी. ही यातायात ज्याला नको त्याने वाइडच घ्यावी, मी वाद घालणार नाही.

बाजूच्या कोनावरचा हट्ट सोडला तर प्रश्न बराचसा सुटतो. नाकाकडून तिरपं, गुडघ्यावर बसून, पंखाच्या टोकाखालून पाहिलं की पस्तीसला पुरेसं विमान मावतं आणि मागची गर्दीही पंखाआड जाते. स्पिटफायर मी असंच काढलं. बडोदेकर म्हणून त्या विमानापुढे जरा जास्तच रेंगाळलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव होतं, आणि ती स्पिटफायर उडवायची. पालमचं विमान त्यातलं आहे असं कुणी समजू नये, पण मनाला लगाम कोण घालणार!

गोव्याला तर वाइडची निकडच उरत नाही. बरीचशी विमानं उघड्यावर आहेत. १९७१ साली विक्रांतवरून जाऊन कॉक्स बझारवर हल्ले करणारी सी हॉक, पंख दुमडणारं अलिझे, सी हॅरियर, आणि आधी एअर इंडियातून प्रवासी नेणारं, मग हवाई दल आणि नौदलात समुद्रावर टेहळणी करणारं सुपर कॉन्स्टेलेशन. हे शेवटचं साडेचौतीस मीटर लांब आहे. ते पस्तीसने बाजूने घ्यायला पन्नास मीटरवर जावं लागेल. मी तो नाद सोडून तिरपंच काढलं आणि त्याच्या तीन शेपट्यांचा वेगळा फोटो घेतला.

उघड्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर लावणार असाल तर आणखी एक. आकाश सर्वांत गडद होतं ते सूर्यापासून काटकोनात. दहाच्या लेन्सला जवळजवळ शंभर अंशांचं दृश्य दिसतं, त्यामुळे तेवढाच पट्टा निळाशार आणि दोन्ही बाजू फिकट, असं डागाळलेलं आकाश येतं. पस्तीसला ही कटकट नाही. मात्र कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर पोलरायझर फिरवला की कधीकधी इंद्रधनुषी चट्टे उठतात, ते दोन्ही लेन्सना सारखेच. आणि रंग न दिलेल्या धातूची चमक त्याने जात नाही. तिथे सावलीची वेळ पाहणं हाच उपाय.

बारीकसारीक तपशिलात पस्तीसला तोड नाही असं मला वाटतं, आणि १.८चं अॅपर्चर खरं इथेच वसूल होतं. अलिझेच्या पंखाचा सांधा, रिव्हेटच्या रांगा, 'इथे पाय देऊ नये' अशा सूचनांची पुसट अक्षरं, चाकाजवळचं जुनं ग्रीस. हातभर अंतरावरून काढा, मागची पाटी आणि माणसं विरघळून जातात.

कुणी वाइड घ्यावी? ज्याला व्हिडिओ करायचे आहेत, जुने वाडे आणि देवळांचे गाभारे काढायचे आहेत, किंवा म्युझियम वर्षातून एकदा आणि घरचे समारंभ बारा महिने, त्याने खुशाल. मावसभावाची लेन्स लग्नाच्या हॉलमध्ये सोन्यासारखी चालते.

घेण्याआधी फुकटात पारख करायची तर कमाटीबागेच्या म्युझियममध्ये जा. निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे ना, सत्तर फुटांहून लांब, त्याला हँगरमधलं विमान समजा. तिकीटखिडकीवर फोटोची परवानगी विचारा आणि मोबाइलच्या वाइडने कवटीजवळून एक, मग साध्या कॅमेऱ्याने जमेल तेवढं मागे जाऊन एक असे दोन फोटो काढा. पहिल्यात कवटी केवढी आणि शेपटीकडचे मणके केवढे आलेत ते बघा. ते तुम्हाला आवडलं तर वाइड तुमची. खटकलं तर पस्तीस.

दोन्हींचा मोह होत असेल तर पस्तीस विकत घ्या आणि पालमपुरती वाइड लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या कुणाकडून चार दिवस भाड्याने आणा. लग्नसराईत मात्र ती मिळेल अशी आशा धरू नका.