चाक, नऊ अक्षरं की रंगीत चौकोन? मराठी शब्दखेळाचा कार्यक्रम बसवताना

यंदा अंताक्षरी नको, आपला स्वतःचा शब्दखेळ करू, टीव्हीवर असतो तसा, असं मंडळाच्या बैठकीत ठरतं आणि पुढच्याच मिनिटाला चाकाचा विषय निघतो. केवढं करायचं, दिवे लावायचे का, पुण्याच्या नाना पेठेतून बेअरिंग कोण आणणार. नियमांचं शेवटच्या दोन दिवसांत बघू, असं म्हणून चहा येतो. कार्यक्रम फसतो तो बहुधा इथेच.

इंग्रजी खेळ मराठीत आणताना आधी ठरवायचं ते एकच: आपल्या खेळात ‘एक अक्षर’ म्हणजे काय? इंग्रजीत २६ अक्षरं, प्रश्न मिटला. मराठीत ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ घरं धरली तरी ४०८ होतात, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. ‘त्या’ हे एक की दोन? ‘कि’ आणि ‘की’ सारखे धरायचे की वेगळे? हे ठरलं की तीन प्रसिद्ध साच्यांपैकी आपल्याला कोणता झेपेल ते आपोआप दिसतं. इथे त्यांना अक्षरचाक, नऊ अक्षरी आणि चौकोनी अशी कामचलाऊ नावं दिली आहेत. तुम्ही तुमची ठेवा, फक्त मूळ कार्यक्रमांची नावं, बोधचिन्हं आणि संगीत उचलू नका.

| | अक्षरचाक | नऊ अक्षरी | चौकोनी |
|---|---|---|---|
| मूळ | व्हील ऑफ फॉर्च्यून | काउंटडाउन | लिंगो |
| सामान | चाक, फळा, पाट्या | ७२ सोंगट्या, घड्याळ, शब्दकोश | लॅपटॉप, प्रोजेक्टर |
| माणसं | ५ | ५ | ३ |
| एका डावाला | ६ ते ८ मिनिटं | ३ मिनिटं | २ ते ३ मिनिटं |
| भांडण कशावरून | जोडाक्षर | शब्द ग्राह्य की नाही | ऱ्हस्व-दीर्घ |
| प्रेक्षक | कोणतेही, कितीही | शब्दवेडे | मुलं, कॉलेजची मंडळी |

बझरचा खर्च तिन्हीकडे वाचतो. चाकात पाळीपाळीने खेळतात, नऊ अक्षरीत सगळे एकदम कागदावर लिहितात आणि चौकोनीत प्रत्येक जोडीचा स्वतःचा शब्द असतो. तरीही कुणी तरी तपकीर गल्लीत जाऊन बेलची बटणं आणतोच, आणि ती पेटीत पडून राहतात.

अक्षरचाक

मूळ कार्यक्रम ६ जानेवारी १९७५ ला अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाला. मर्व्ह ग्रिफिन यांनी त्याचा सांगाडा हँगमन या पोरांच्या खेळावरून घेतला. झाकलेलं वाक्य असतं, चाक फिरवून जो आकडा येईल त्या भावाने एक व्यंजन मागायचं, आणि स्वर हवा असेल तर साठलेल्या पैशांतून २५० डॉलर मोजून विकत घ्यायचा.

हे ‘स्वर विकत घेणं’ मराठीत सुंदर बसतं, कारण आपल्याकडे त्याला तयार नावं आहेत: काना, मात्रा, वेलांटी, उकार. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ घ्या. चार शब्द, प्रत्येकी तीन अक्षरं, फळ्यावर चार ओळी. गड्याने ‘न’ मागितला की ‘ना’च्या दोन्ही चौकोनांत नुसता ‘न’ उघडतो. काना विकत घेतला की ना, ता, ना, वा अशा चारही जागी काना लागतो, व्यंजन उघडलेलं असो वा नसो. मात्रेला ‘ये’ आणि ‘डे’. वेलांटी घेतली की पहिली-दुसरी दोन्ही उघडतात, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा वाद उरत नाही, आणि ‘येईना’तला सुटा ‘ई’ही तिच्यातच येतो. सुटा ‘अ’ आणि अनुस्वार फुकट द्या.

पण एक मेख आहे. मराठी वाचणाऱ्याला ‘न च त, य _ न, अं ग ण, व क ड’ एवढं दिसलं तरी पुरतं, काना-मात्रांवाचून अडत नाही. मग त्या विकत कोण घेईल? म्हणून भाव इंग्रजीसारखा चढा ठेवू नका. चाकावरचा सगळ्यात लहान आकडा १०० असेल तर खूण ५० ला द्या. नाहीतर उलटा खेळ करा: काना-मात्रा सुरुवातीलाच दाखवायच्या आणि व्यंजनं झाकायची. इंग्रजी माध्यमातली मुलं जास्त असतील तिथे हाच प्रकार बरा. त्यातल्या अनेकांना वेलांटी काढता येते, पण तिला वेलांटी म्हणतात हे ठाऊक नसतं.

जोडाक्षराचा नियम असा ठेवा. ‘आयत्या बिळावर नागोबा’मधल्या ‘त्या’च्या चौकोनाला लाल कड करायची, म्हणजे आत दोन व्यंजनं आहेत हे सगळ्यांना कळतं. ‘त’ मागितला तर ‘त’ दिसेल, ‘य’ मागितला तर ‘य’, आणि दोन्ही झाले की जोडाक्षर. गुण मात्र ज्याच्या त्याच्या व्यंजनाचे. लाल कड नसेल तर ‘त’ उघडल्यावर पुढचा गडी तो चौकोन पूर्ण समजतो आणि वाक्य चुकीचं सांगतो, मग दोन्ही बाजूंचे पालक स्टेजपाशी येतात.

आता सामान. फळ्यासाठी सनबोर्डचा, म्हणजे हलक्या फोमचा, पूर्ण तक्ता ८ बाय ४ फुटांचा मिळतो. १० इंचांचे चौकोन धरले तर त्यात एका ओळीत ९ आणि अशा ४ ओळी बसतात, एकूण ३६ चौकोन. १० इंच अशासाठी, की ६० फुटांवरच्या खुर्चीतून नीट वाचायला अक्षराचा गाभा ६ इंच तरी हवा, आणि देवनागरीत वर वेलांटीला व खाली उकाराला वेगळी जागा लागते. म्हण निवडताना ९ अक्षरांच्या ओळीचं बंधन लक्षात ठेवा आणि शब्द मधे तोडू नका.

चाकासाठी १२ मिलिमीटर प्लायची ४ फूट व्यासाची तबकडी पुरते, वजन आठ-नऊ किलो होतं. २४ भाग करा, प्रत्येकी १५ अंश. कडेवर एका भागाची रुंदी जवळपास १६ सेंटिमीटर येते, तेवढ्यात आकडा लांबून दिसतो. सायकलचा हब लावायचा मोह होतो, पण तो दोन्ही बाजूंनी आधार धरून बनवलेला असतो. एकाच बाजूने टांगलेल्या जड चाकाखाली त्याचा आस वाकतो. त्याऐवजी १७ मिलिमीटरचा दांडा आणि त्यावर चार इंच अंतराने ६२०३ क्रमांकाची दोन बेअरिंग घ्या. टकटक करणारी जीभ जुन्या चामडी पट्ट्याची करा, कडक प्लास्टिकची दहा-बारा फेऱ्यांत तुटते.

टीव्हीवरचं चाक आडवं असतं, कारण वरून कॅमेरा असतो. हॉलमध्ये ते उभंच लागतं, आणि उभ्या चाकाची जड बाजू नेहमी खाली येते. जीभ काढून ठेवा, चाक आठ वेगवेगळ्या जागी सोडून बघा. दर वेळी एकच भाग खाली येत असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला मागून वॉशर चिकटवत जा. हे केलं नाही तर ‘दिवाळं’ (साठलेले पैसे घालवणारा भाग) कुठे येणार हे तिसऱ्या डावापर्यंत पहिल्या रांगेतल्या पोरांना पाठ होतं. ‘दिवाळं’ एक आणि ‘डाव गेला’ (नुसती पाळी जाते) एक, बस. म्हणजे बारापैकी एखादी फेरी वाया जाते. चार ठेवले तर सहापैकी एक, आणि तासाभराच्या कार्यक्रमात ते जीवघेणं वाटतं. भाद्रपदात मांडवात ओल असते, प्लायच्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या.

शेवटच्या डावात अमेरिकेत आर, एस, टी, एल, एन आणि ई फुकट उघडून देतात. मराठीत र, त, न, क, ल आणि काना द्या, पण मग म्हण त्यांना चुकवणारी शोधा. ‘हपापाचा माल गपापा’ नामी आहे: नऊ अक्षरांतला एक ‘ल’ उघडतो, सहा ठिकाणी नुसते काने लटकतात आणि गडी बघत राहतो.

नऊ अक्षरी

ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनेल फोर सुरू झालं तेव्हा त्यावरचा पहिला कार्यक्रम काउंटडाउन होता, आणि तोही एका फ्रेंच कार्यक्रमावरून घेतलेला. नऊ अक्षरं (प्रत्येक वेळी स्वर हवा की व्यंजन हे गडी सांगतो), तीस सेकंद, सगळ्यात लांब शब्द. बाजूला शब्दकोश घेऊन बसलेली मंडळी. पुण्यात हा साचा रुजायला काहीच हरकत नाही, शब्दकोश घेऊन बसायला इथे माणसं शोधावी लागत नाहीत.

मराठीत यातलं स्वर-व्यंजन निवडणं गळतं. सोंगट्यांवर फक्त व्यंजनं आणि दोन-चार सुटे स्वर ठेवा. काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर करणं सगळं मोफत, पण सोंगटी एकदाच वापरायची. गड्याच्या हाती काहीतरी राहावं म्हणून पूर्ण कार्यक्रमात एकदा एक सोंगटी बदलून घ्यायची मुभा द्या.

७२ सोंगट्यांचा हा संच चालतो: र, त, न, क, ल प्रत्येकी ५, व, स, म, प, य, च, ण प्रत्येकी ४, ह, द, ग, ब, ज प्रत्येकी २, श, ट, ड, ळ, ध, भ आणि सुटे अ, आ, उ प्रत्येकी १. ‘ण’ चार का, तर क्रियापदं ‘णे’ लावूनच धरायची आहेत. घ, झ, ठ, ढ मुद्दाम नाहीत, ते आले की डाव तीन अक्षरांवर अडतो. नवाच्या हिशेबाने ७२ मध्ये बरोबर आठ डाव होतात, मधे पिसायला नको.

समजा आले र, त, क, न, म, ल, व, स, प. ‘तलवार’ कुणालाही दिसते, चार गुण. ‘समकालीन’ पाच. ‘वनस्पती’ही पाच, कारण ‘स्प’मध्ये दोन सोंगट्या गेल्या. ‘कमलपत्र’ शोधणाऱ्याला सहा. आता कुणी ‘वनस्पतीला’ लिहिलं तर? ‘ल’ची सोंगटी आहे, सहा झाले. हे एकदा चालवलं की पुढे प्रत्येक शब्दाला ‘ला’, ‘ने’, ‘त’ चिकटतात आणि खेळ प्रत्ययांचा होतो. म्हणून नियम कडक: विभक्तिप्रत्यय नाही, अनेकवचन नाही, विशेषनाम नाही. नऊच्या नऊ लागल्या तर मुळात १८ गुण आहेत, तेच ठेवा.

कोश कोणता, हे कार्यक्रमाआधी जाहीर करा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शोधायला सोपा, पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यात ‘संगणक’ कुठून सापडणार? त्याच्या जोडीला आजचा एखादा लेखनकोश हवा, आणि शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे. दोन कोश, दोन माणसं, वीस सेकंद. तेवढ्यात सापडला नाही तर शब्द बाद. तिसऱ्या कोशाची मागणी ऐकूच नका.

या साच्याची खरी अडचण शांततेची आहे. तीस सेकंद कुणी बोलत नाही, आणि बाहेर ढोलपथकाचा सराव चालू असेल तर मागच्या रांगा उठून जातात. साठ-सत्तर माणसांच्या बंद हॉलमध्ये हा खेळ फुलतो, दीडशेच्या मांडवात मरतो.

चौकोनी

लिंगो १९८७ चा. पाच अक्षरी शब्द, पहिलं अक्षर दिलेलं, पाच प्रयत्न. २०२१ पासून फोनवर गाजलेल्या वर्डलमुळे नियम आता समजवावे लागत नाहीत, हा मोठाच फायदा.

हिरवा म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण जागा चुकली, राखाडी म्हणजे अक्षरच नाही. मराठीत मात्र हिरवा-पिवळा हे दोन रंग पुरत नाहीत. उत्तर आहे ‘बाजार’ आणि कुणी लिहिलं ‘बाजरी’. ‘बा’ हिरवा. ‘ज’चं काय? व्यंजन बरोबर, जागा बरोबर, काना नाही. त्याला राखाडी दिला तर गडी ‘ज’ सोडून देतो आणि फसवणूक झाल्यासारखं वाटतं. म्हणून तिसरा रंग, निळा: व्यंजन आणि जागा बरोबर, खूण चुकली. ‘री’लाही निळाच. पुढे ‘जागर’ लिहिलं तर ‘जा’ पिवळा, ‘ग’ राखाडी, ‘र’ हिरवा. निळा रंग बरंच काही सांगून टाकतो, तेव्हा तीन अक्षरी शब्दाला चारच प्रयत्न द्या आणि सुरुवातीला पहिलं अक्षर न देता फक्त त्याचं व्यंजन द्या. पहिल्या कार्यक्रमात जोडाक्षरी शब्द टाळा.

तांत्रिक खड्डा एकच, पण खोल. संगणक ‘बाजार’ची लांबी पाच सांगतो आणि एकट्या ‘त्या’ची चार, कारण तो काना आणि हलन्त वेगळे मोजतो. तुमच्या सोसायटीतला आयटीवाला इंग्रजी खेळाचा कोड उचलून आणेल तर चौकोनांत नुसते काने लोंबकळताना दिसतील. वेळ नसेल तर स्प्रेडशीटमध्ये एका खान्यात एक अक्षर टाइप करा आणि रंग हाताने भरा. त्याला एक चटपटीत माणूस पुरतो.

मग कोणतं?

मांडव, सगळ्या वयाची गर्दी, तीन आठवडे हातात: अक्षरचाक. हॉल, वाचणारी माणसं, आठवडाभर: नऊ अक्षरी. दोनच दिवस असतील तर चौकोनी, किंवा चाकच गाळून अक्षरचाकाचा नुसता फळा. भाव चिठ्ठ्यांनी काढा. खेळ फळ्यावर असतो, चाक ही शोभा आहे, हे चाक बनवून झाल्यावर कुणी मान्य करत नाही.

काहीही निवडलं तरी दहाला ध्वनिक्षेपक बंद होणार हे धरून साडेनऊला संपेल असा बेत आखा. आणि छापायला देताना मजकूर टाइप करून पाठवू नका, पीडीएफ द्या. फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’ची ‘दुसर्या’ होते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पाट्या हातात आल्या की सगळ्यात आधी तेच दोन बघा.