तिहुआनाला जा, ते मुख्यतः जेवायला

सॅन डिएगोला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना सगळे जण प्राणिसंग्रहालय आणि समुद्रकिनारा दाखवतात. माझं ऐकाल तर त्यातला एक दिवस सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरासाठी ठेवा. ट्रॉलीची, म्हणजे सॅन डिएगोच्या शहरी रेल्वेची, निळी लाइन सीमेलगतच्या सॅन इसिद्रोला संपते. तिथे उतरायचं आणि सीमा चालत ओलांडायची. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त तो अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे घरूनच बघून निघा, कारण परतही त्याच व्हिसावर यायचं असतं.

पलीकडे गेलं की बहुतेक पाहुणे आव्हेनिदा रेव्होलुसिऑन या रस्त्यावर थांबतात, टोप्या आणि पोंचो घेतात, झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या गाढवाच्या गाडीत बसून फोटो काढतात आणि परततात. जुन्या कृष्णधवल फोटोंत पांढरं गाढव नीट उठून दिसत नसे म्हणून पट्टे रंगवायला सुरुवात झाली, असं सांगतात. उन्हात उभ्या असलेल्या त्या मुक्या जनावराकडे बघून मला काही फोटो काढवेना. एवढाच रस्ता बघून "तिहुआनात काही नाही" असं म्हणणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो.

त्याच रस्त्यावरचं सीझर्स हे हॉटेल मात्र चुकवू नका. सीझर सॅलडचा जन्म १९२४ साली याच शहरात झाला, आणि त्याचं श्रेय सीझर कार्डिनी या इटालियन माणसाला देतात. अमेरिकेत दारूबंदी होती आणि लोक सीमा ओलांडून इकडे खायला-प्यायला येत, त्या काळातली ही गोष्ट. आजही वेटर गाडीवर मोठा लाकडी वाडगा घेऊन टेबलाशी येतो. लसूण, अँकोव्ही मासे आणि मोहरीची पेस्ट वाडग्याच्या तळाला घोटतो, अंड्याचा पिवळा बलक घालतो, लिंबू पिळतो, वुस्टरशर सॉस टाकतो. मग एका हाताने ऑलिव्ह तेलाची बारीक धार धरून दुसऱ्या हाताने फेटत राहतो. मिश्रण दाट होऊन चमच्याला धरायला लागलं की चीज किसून घालतो आणि रोमेन लेट्यूसची अख्खी पानं, न चिरता, त्यात घोळवतो. पान इतकं कुरकुरीत आणि सॉस इतका खमंग की नुसत्या पाल्याला एवढी चव कशी, असं वाटत राहतं. आमचे हे शाकाहारी आहेत, त्यांना मात्र ते खाता आलं नाही. मासे आणि कच्चं अंडं दोन्ही त्यात असतं, तेव्हा मागवण्याआधी विचार करा.

टॅको खायचा तो मात्र गाडीवर किंवा साध्या टाकेरियात (टॅकोच्या छोट्या दुकानात), उभ्याने. अडोबादा मागवा. उभ्या सळईवर मसाला लावलेलं डुकराचं मांस रचलेलं असतं, सळई विस्तवासमोर फिरत असते. टाकेरो, म्हणजे टॅको बनवणारा, सुरीने पातळ काप काढून ते थेट मक्याच्या गरम तोर्तियावर (पातळ भाकरीवर) घेतो, वर कांदा, कोथिंबीर आणि ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) घालून कागदात गुंडाळून देतो. कार्ने असादा, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचा टॅकोही चांगला, पण माझा कौल अडोबादाला. जिथे तोर्तिया हाताने थापून समोरच भाजतात आणि स्थानिक लोक रांगेत असतात, तीच गाडी निवडा. शाकाहाऱ्यांनी केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली तोर्तिया घ्यावी किंवा भाजलेलं कणीस. राजमा बिनधास्त मागवू नका, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. विचारलं तर सांगतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते मेर्कादो इदाल्गो, म्हणजे इथला बाजार. मधे मोकळं अंगण आणि भोवती दुकानं. वाळलेल्या मिरच्यांची पोतीच्या पोती! ग्वाहियो मिरची ब्याडगीसारखी, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. दे आर्बोल बारीक, पण झणझणीत. शंकूच्या आकाराचा गूळ, चिंच, जास्वंदीच्या जातीची वाळवलेली फुलं, चीजचे मोठे गोळे, मोले या मिरच्या-मसाल्यांच्या सॉसची तयार पेस्ट. चव बघायला मागा, विक्रेते हसत देतात. जवळच तिहुआना सांस्कृतिक केंद्राचा भलामोठा गोल घुमट आहे. केंद्र १९८२ मध्ये सुरू झालं, आतलं कॅलिफोर्निया प्रदेशाच्या इतिहासाचं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

संध्याकाळी प्लायासला, म्हणजे समुद्रावर जा. सीमेचं कुंपण वाळूवरून थेट लाटांत शिरलेलं आहे. मेक्सिकोच्या बाजूने त्यावर रंगीत चित्रं आहेत. शेजारीच कुटुंबं किनाऱ्यावर खातात-पितात, मुलं फुटबॉल खेळतात. कुंपण बघून मला फार वाईट वाटलं, पण माणसांची ती वर्दळ बघून बरंही वाटलं.

पैशांचं म्हणाल तर डॉलर बऱ्याच ठिकाणी चालतात, पण दुकानदार लावेल तो दर मान्य करावा लागतो, त्यामुळे थोडे पेसो (मेक्सिकोचं चलन) जवळ ठेवा. परतीची पायी रांग सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी फार लांबते. गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर जा आणि दुपारनंतर लगेच निघा. ताजी फळं सोबत आणू नका, आणि पिशवीत काय आहे ते विचारलं की सरळ सांगा.