आमच्या व्हरांड्यातला किमान-कमाल तापमापक

आमची शाळा दोन खोल्यांची. पहिली ते चौथी मिळून २३ मुलं आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी. गेल्या नोव्हेंबरात व्हरांड्याच्या भिंतीवर काचेचा किमान-कमाल तापमापक लावला आणि फेब्रुवारी संपेपर्यंत शाळेच्या प्रत्येक दिवशी वापरला. पूर्ण हिवाळा काढल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता लिहितेय.

घ्यायचं कारण अगदी साधं. परिपाठाला सगळे हात काखेत घालून उभे होते आणि दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आज कालच्यापेक्षा जास्त थंडी आहे का?" ज्याच्या अंगात जाड स्वेटर होता तो नाही म्हणाला, जिचे मोजे ओले होते ती हो म्हणाली. दोघंही खरंच बोलत होती. पण उत्तर काही मिळालं नाही.

हा तापमापक म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली काचेची नळी. दोन्ही बाजूंना द्रवाच्या वर एकेक बारीक सुई असते, तिला आम्ही खूण म्हणतो. रात्री थंडी वाढली की द्रव डावीकडे चढतो आणि डावी खूण वर ढकलतो. दुपारी तापलं की उजवीकडची ढकलतो. द्रव मागे फिरला तरी खुणा जागच्या हलत नाहीत, मागच्या चुंबकपट्टीनं धरलेल्या असतात. म्हणजे आपण झोपेत असताना किती गारठा पडला ते सकाळी येऊन वाचता येतं. माझ्या मते या वस्तूची खरी किंमत इथेच आहे. मुलांनी न पाहिलेली रात्र त्यांच्यासाठी जपून ठेवलेली असते, आणि तीही सेलशिवाय.

डावीकडची पट्टी मात्र उलटी असते. वर जावं तसे आकडे कमी होत जातात, शून्य वर आणि चाळीस खाली. पहिल्या दिवशी चौथीतली एक मुलगी ठामपणे म्हणाली, "बाई, हे चुकीचं छापलंय, परत पाठवा." मी तिला उत्तर दिलं नाही. चौथीला आठवडाभर फक्त डावी बाजू बघायला सांगितली. सहाव्या दिवशी तिनंच वहीत नळीचं चित्र काढून बाण दाखवले: थंडीनं डाव्या नळीच्या वरच्या टोकाच्या फुग्यातला द्रव आकसतो, म्हणून नळीतला द्रव इकडे वर ओढला जातो. मग मी त्यांना सेल्सिअस या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं १७४२ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि वितळत्या बर्फाला १०० धरलं होतं, पुढे ती उलटवली गेली. मुलगी इतकी खूश झाली की घरी जाऊन सगळ्यांना सांगून आली. पहिलीच्या मुलांना मात्र ही पट्टी जड जाते. त्यांना फक्त उजवी बाजू वाचायला द्यावी, असा माझा अनुभव आहे.

जागेबाबत आम्ही आधी चुकलो. पूर्वेच्या भिंतीवर लावला, तिथे सकाळचं ऊन थेट पडायचं आणि कमाल आकडा भलताच यायचा. तो हवेचा आकडा नव्हताच, तापलेल्या काचेचा होता. मग उत्तरेकडच्या व्हरांड्यात हलवला, भिंत आणि तापमापक यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालून बोटभर फट ठेवली. (दक्षिण गोलार्धातल्या शाळांनी दक्षिणेची भिंत निवडावी.) हवामान केंद्रांत तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर ठेवतात. आम्ही १.३० मीटर धरली, कारण चौथीच्या मुलांची नजर जवळपास तिथेच येते. लहानांसाठी खाली लाकडी चौरंग ठेवलाय. नजर खुणेच्या समोर हवी. वरून किंवा खालून पाहिलं की एक अंशाचा फरक सहज पडतो. आणि खुणेचं खालचं टोक वाचायचं, वरचं नाही. हे मी निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

रोज सकाळी दोघं वाचतात, तिसरा वहीत लिहितो आणि मगच बटण दाबायचं. बटण दाबलं की चुंबकपट्टी सरकते, खुणा घसरून द्रवावर टेकतात आणि पुढच्या दिवसाची मोजणी सुरू होते. एका बुधवारी कुणीतरी आधीच बटण दाबलं. ज्यानं दाबलं तो रडायला लागला, बाकीची मुलं म्हणाली, "बाई, कालच्यासारखाच लिहू या." आम्ही तो रकाना रिकामा ठेवला. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, एवढं एक मी ठाम धरून बसले. आलेखातही त्या दिवशी जागा मोकळीच आहे, आणि पाहुणे आले की मुलं बोट ठेवून ती दाखवतात.

याची एक खरी मर्यादा सोमवारी कळते. सुट्टीच्या दोन्ही रात्री मिळून सगळ्यांत कमी काय ते दिसतं, पण ते कोणत्या रात्रीचं, ते नाही कळत. यावरून तिसरी-चौथीत चांगलाच वाद झाला. शेवटी शाळेजवळ राहणाऱ्या एका मुलानं रविवारी सकाळी येऊन वाचायचं कबूल केलं. कानटोपी घालून, हातात वही घेऊन तो एकटा आला आणि वाचून गेला. एकही रविवार चुकवला नाही त्यानं.

सगळ्यांत जास्त थंडी कधी पडते? मुलांचा अंदाज होता मध्यरात्री. एका शनिवारी सूर्योदयाच्या आधी जमायचं ठरवलं. पालकांसह अकरा मुलं आली. साडेपाचपासून दर पंधरा मिनिटांनी वाचलं. उजाडलं, कोवळं ऊन समोरच्या झाडावर आलं, तरी डावी खूण अजून वर सरकतच होती. सूर्य वर आल्यावर थोड्या वेळानं ती थांबली. जमीन रात्रभर उष्णता सोडत असते, आणि उन्हाची आवक त्या खर्चाइतकी होईपर्यंत गारठा वाढतच राहतो. फळ्यावर सांगून हे मुलांना पटलं नसतं. तोंडातून वाफ निघत असताना खूण सरकताना त्यांनी स्वतः पाहिली. कमाल आकडाही बाराला येत नाही, दोन-तीनच्या सुमाराला येतो, हे त्यांनी पुढच्या आठवड्यात आपणहून शोधून काढलं. तसंच वर्षाचं. सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण आमच्या वहीतला सगळ्यांत कमी आकडा जानेवारीतला आहे.

हा तापमापक इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या जेम्स सिक्स यांनी १७८० मध्ये बनवला. त्यांनी तो बागेत आणि तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर ठेवून पाहिला होता, आणि निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा उंचावरच्या हवेपेक्षा जास्त गार होते हे त्यांना आढळलं. आमच्याकडे मनोरा नाही, मैदान आहे. दुसरा तापमापक एका मैत्रिणीच्या शाळेतून आणला. आधी दोन्ही एक दिवस शेजारी शेजारी ठेवले, फरक नाही याची खात्री केली. मग एक गवताला टेकेल इतका खाली आणि दुसरा त्याच मैदानात नेहमीच्या उंचीवर. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्रीनंतर खालचा तीन अंशांनी कमी निघाला, आणि गवतावर दव होतं. ढगाळ रात्रीनंतर फरक जेमतेम दिसला. "ढग म्हणजे पांघरूण," तिसरीतला एक मुलगा म्हणाला. मी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही.

आता तक्रारी. पहिला नग आला तोच तुटक्या द्रवाचा. नळीत मध्येच हवेचा बुडबुडा अडकलेला. डावीकडे १९, उजवीकडे २३. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: दोन्ही बाजूंच्या द्रवाची पातळी एकच आकडा दाखवते का ते पाहावं. दाखवत नसेल तर नळी बिघडलेली. उभा धरून जोरात झटकून पाहिला, जुळला नाही. विक्रेत्यानं बदलून दिला, पण तीन आठवडे गेले आणि नोव्हेंबरची सुरुवात हातची गेली. दुसरं, दार जोरात आपटलं की खुणा हादऱ्यानं सरकतात. म्हणून दारापासून लांब, घट्ट स्क्रूनंच लावावा. तिसरं आणि मला सगळ्यांत जास्त खटकलेलं: रेषा फार बारीक आणि फिकट आहेत. जाड चष्म्याच्या एका मुलीला त्या दिसतच नव्हत्या. शेजारी दोरीला भिंग बांधून ठेवलं तेव्हा कुठे तिची पाळी तिला घेता आली. शाळांसाठी म्हणून विकायचा असेल तर आकडे ठळक हवेत.

पारा असलेला जुना नग कुणी देत असेल तर शाळेत लावू नका, काच फुटली तर ते मुलांच्या जिवाशी खेळणं होईल. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, आणि त्यात पाऱ्याचे तापमापक बनवणं थांबवायला सदस्य देशांना २०२० ची मुदत होती. आमच्यात बिनपाऱ्याचा द्रव आहे. तो तुटतो जरा लवकर, पण ते चालेल.

याआधी आमच्याकडे डिजिटल तापमापक होता. दशांशापर्यंत आकडा, मोठी अक्षरं, त्या चष्म्याच्या मुलीला तोच बरा पडला असता हे खरं. पण सुट्टीत सेल संपले आणि साठवलेलं सगळं पुसलं गेलं. शिवाय मुलं आकडा उतरवून निघून जायची. कधी कुणी प्रश्न विचारला नाही. या नळीसमोर मात्र दोन मिनिटं उभं राहावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांत मुलं बोलायला लागतात. म्हणून लहान शाळेसाठी मी हाच सुचवेन. घेताना दोन्ही पातळ्या जुळतात ना, बटणानं खुणा खाली येतात ना, एवढं दुकानातच पाहून घ्या. खुणा वेगळ्या चुंबकानं खाली ओढाव्या लागतात तसला नको, चुंबक हरवतो.

चौथीची मुलं उन्हाळ्यात दुसऱ्या शाळेत जातील. वही इथेच राहणार. पट्टी परत पाठवायला सांगणारी ती मुलगी सध्या रोज मधल्या सुट्टीत तिसरीतल्या दोघांना घेऊन चौरंगाशी उभी असते. "वरचं नाही रे," परवा तिचा आवाज वर्गापर्यंत आला, "खालचं टोक बघ."