जुन्या गेमच्या फ्रेम रेटला वेसण: रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर कसा आहे?

२००५ साली पीसीवर आलेल्या ‘जीटीए सॅन अँड्रियास’ या गेममधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढायची याची मर्यादा) बंद करून तो आजच्या गेमिंग लॅपटॉपवर मोकळा सोडला, की सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम निघू लागतात. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर ती सेकंदाला १४४ वेळाच बदलते. बाकीच्या मेहनतीची नुसती उष्णता होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींची उष्णता त्याच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते. एक तापलं की दुसऱ्याला झळ बसते आणि वीस वर्षं जुन्या गेमसाठी पंखे जोरात फिरत राहतात.

यावर रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर, म्हणजेच आरटीएसएस, हा फ्रेमवर मर्यादा घालणारा प्रोग्राम सर्वात भरवशाचा उपाय आहे. तो मोफत आहे. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामसोबत मिळतो आणि गुरूथ्रीडीच्या साइटवरून एकटाही घेता येतो. डाउनलोड तिथूनच करा. आफ्टरबर्नरच्या नावाची बनावट साइट फिरत असल्याचा इशारा खुद्द एमएसआयने २०२१ मध्ये दिला होता.

लावायला दोन मिनिटं पुरतात. आरटीएसएस चालू केला की घड्याळाजवळ त्याचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून खिडकी उघडा. डाव्या बाजूला खाली ‘अॅड’ आहे. त्यातून गेमची एक्सई फाइल (ज्यातून गेम चालतो ती) निवडा. इथेच बहुतेकांची गफलत होते: लाँचर निवडला जातो, खरा गेम राहून जातो. ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’मध्ये ‘स्कायरिमएसई’ हवी, ‘स्कायरिमएसईलाँचर’ नको. यादीत ते नाव निवडलेलं असतानाच उजवीकडे ‘फ्रेमरेट लिमिट’मध्ये आकडा टाकून एंटर दाबा. शून्य म्हणजे मर्यादा नाही. ‘ग्लोबल’ निवडलेलं असताना आकडा टाकलात तर सगळ्याच गेमना तो लागतो. ‘शो ओन स्टॅटिस्टिक्स’ चालू केलं की कोपऱ्यात एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा, दिसतो. तो दिसलाच नाही, तर ‘अॅप्लिकेशन डिटेक्शन लेव्हल’ वाढवून गेम पुन्हा सुरू करा. आरटीएसएस बंद केला की मर्यादाही गेली, म्हणून ‘स्टार्ट विथ विंडोज’ चालू ठेवलेलं बरं.

आता आकडा कोणता टाकायचा? माझ्या मते साधनाच्या निवडीपेक्षा हाच प्रश्न मोठा आहे. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ६० टाकलं तर १४४ ला ६० ने नि:शेष भाग जात नाही. मग एखादी फ्रेम स्क्रीनवर दोन फेऱ्या थांबते, एखादी तीन, आणि कॅमेरा फिरवताना बारीक हिसके जाणवतात. त्यामुळे ७२ किंवा ४८ घ्या. ६०च हवे असतील तर विंडोजच्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मधून स्क्रीनच ६० हर्ट्झवर आणा, त्यात बॅटरीही वाचते. १२० हर्ट्झच्या स्क्रीनला ६० सरळ चालतात. व्हेरिएबल रिफ्रेश (स्क्रीनने फ्रेमच्या वेगाशी स्वतः जुळवून घेणं) चालू असेल तर ही कटकट नाही.

दुसरी बाजू गेमच्या इंजिनची. ‘स्कायरिम’चं भौतिकशास्त्र ६० फ्रेम धरून बांधलेलं आहे. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू असला तरी फ्रेम ६०च्या वर जातात, आणि खोलीत शिरताच टेबलावरची भांडी उडायला लागतात. तिथे ६० ही कमाल, ७२ चालणार नाहीत. ‘सॅन अँड्रियास’मध्ये फ्रेम फार वाढल्या की गेमचा नायक सीजे पाण्यात हात मारत राहतो, पण पुढे जेमतेम सरकतो. गेमचा स्वतःचा लिमिटर लावला तर फ्रेम २५च्या आसपास अडतात, कारण त्यात १४ मिलिसेकंदांचा जादा विलंब आहे. सायलेंटपॅच हा मोफत पॅच तो विलंब काढतो आणि पूर्ण ३० मिळतात. पॅच नको असेल तर गेमचा लिमिटर बंद करून आरटीएसएसमध्ये ३० टाका.

मेनूकडेही लक्ष हवं. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’च्या मेनूवर फ्रेम मोकाट धावून कार्डं तापत होती. तेव्हा तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये गेमसाठी ६० आणि मेनूसाठी ३० अशी वेगळी मर्यादा लिहायला सांगितली होती. आरटीएसएसची मर्यादा मेनूलाही लागू होते, हा त्याचा मोठा गुण.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जानेवारी २०२० पासून ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे. त्यासाठी मागे वेगळा प्रोग्राम चालवावा लागत नाही. पण लॅपटॉपवर जुना गेम पुष्कळदा प्रोसेसरमधल्या चिपवर चालतो, आणि तिथे एनव्हिडियाच्या मर्यादेचा उपयोग शून्य. आरटीएसएस कोणत्याही कंपनीच्या चिपवर सारखाच चालतो. एएमडीवाल्यांना रेडिऑन चिलमध्ये किमान आणि कमाल आकडा एकच ठेवून काम भागवता येतं. चार्जर काढल्यावर ६० ऐवजी नेमके ३० दिसू लागले तर आरटीएसएसला दोष देऊ नका, आधी एनव्हिडियाचा बॅटरी बूस्ट (बॅटरीवर फ्रेम कमी करणारी सोय) तपासा.

उणिवाही आहेत. खिडकीचं रूप जुनाट आहे आणि छोट्या, दाट स्क्रीनवर अक्षरं वाचताना डोळे ताणतात. हा प्रोग्राम गेममध्ये स्वतःची डीएलएल (प्रोग्रामचा जोडभाग असलेली फाइल) घुसवून काम करतो, म्हणून अँटी-चीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) असलेल्या ऑनलाइन गेमच्या वेळी तो बंदच ठेवा. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या गेममध्ये कन्सोलवर एफपीएस_मॅक्स लिहिलं की झालं, आरटीएसएसची गरजच नाही. नव्वदच्या दशकातल्या, डायरेक्टड्रॉ या विंडोजच्या जुन्या चित्रप्रणालीवरच्या गेमवर कधी कधी त्याची पकड बसत नाही. अशा गेमच्या फोल्डरमध्ये आधी डीजीव्हूडू २ या, जुनी चित्रप्रणाली नव्यात बदलणाऱ्या प्रोग्रामच्या डीएलएल टाका. मग तो गेम डायरेक्टथ्रीडी ११ वर चालतो आणि आरटीएसएसला सापडतो. डीजीव्हूडूच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘एफपीएसलिमिट’ही आहे, पण दोन्हीकडे एकदम आकडे टाकू नका. दोन लिमिटर एकमेकांची वाट पाहू लागले की फ्रेमचा ठेका बिघडतो.